रविवारी सकाळी सातला कोण येणार?

पत्राचा सारांश

एकसष्ट वर्षांचे एक वाचक मुंबईत अख्खी नोकरी करून निवृत्त झाले. यंदा गणपतीला ते दापोली तालुक्यातल्या समुद्रकाठच्या आपल्या गावी आले, ते परत गेलेच नाहीत. घर दुरुस्त करून घेतलं, बिऱ्हाड हलवलं. पाऊस सरल्यावर गावासाठी काहीतरी करायचं त्यांनी मनावर घेतलं. दर रविवारी सकाळी सातला किनारा सफाई सुरू केली. पहिल्या रविवारी चांगली गर्दी जमली, फोटो निघाले. मग माणसं गळत गेली, आणि आता ते स्वतः, एक निवृत्त गुरुजी आणि शाळेतली दोन मुलं एवढेच उरलेत. पऱ्यावर, म्हणजे गावच्या ओढ्यावर, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांचा वनराई बंधारा बांधू या, असंही त्यांनी सुचवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, ठरलेल्या दिवशी कोणी फिरकलं नाही.

ते लिहितात, "याच गावात क्रिकेटच्या स्पर्धेला रात्र रात्र माणसं जागतात. दुपारी पारावर पत्ते, संध्याकाळी मैदान, रात्री जत्रा. हिवाळ्यासारखा सुंदर मोसम, आणि गाव सुस्त! यांना जागं कसं करायचं? की मीही खळ्यात खुर्ची टाकून ऊन खात बसू? तसा बसलो की मला अपराधी वाटतं. (बायकोचं बरं चाललंय. ती दुपारची शेजारी सुपारी सोलायला जाऊन बसते.) तीच मला विचारते, तुम्ही निवृत्त झालात की तुमची बदली झाली?"

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही कंसात टाकली आहे. बायकोचं बरं चाललंय, एवढ्यावर ती उरकून तुम्ही पुढे गेलात. मी मात्र तिथेच अडले. तुम्ही दोघं एकाच दिवशी, एकाच टेम्पोतून सामान घेऊन गावात उतरलात. चार महिन्यांत वहिनींना शेजारच्या पडवीत हक्काची जागा मिळाली आणि तुम्हाला बंधाऱ्यावर चार माणसं मिळेनात. हे कसं झालं, असं तुम्ही त्यांना विचारलंत का? विचारलं नसावं. कारण सुपारी सोलत गप्पा मारणं तुमच्या हिशेबात 'वेळ जाणं' आहे, आणि किनारा झाडणं हे 'काम'.

त्या पडवीत काय चालतं ते बघा. हिवाळ्यात सुपारी उतरते, वाळते, सोलली जाते. बागवाल्याचं ते वर्षाचं उत्पन्न, सोलणाऱ्या बायकांची ती मजुरी. हात चालू असतात आणि तोंडही. कोणाची सून माहेरी गेली, कोणाचा मुलगा बोटीवरून कधी येणार, कोणाच्या विहिरीचं पाणी यंदा लवकर खाली गेलं, हे तिथे न विचारता कळतं. ज्या पऱ्यासाठी तुम्ही लोकांना जमवलंत, त्याचं पाणी नक्की कोणाला हवंय हे वहिनींना तुमच्या आधी ठाऊक असेल, असं मी पैजेवर सांगते.

आता गावाच्या सुस्तीबद्दल. हिवाळा तुम्हाला मोकळा दिसतो, कारण मुंबईत तो मोकळाच असायचा. शिल्लक रजा संपवायच्या, नाताळात कचेरी अर्धी रिकामी, हवा गार. गावात तसं नसतं. भात कापून झालं तरी झोडणी, वारवणी, पेंढा रचून ठेवणं यात नोव्हेंबर निघून जातो. जमिनीत ओल आहे तोवर त्याच शेतात वाल, पावटा, कुळीथ पडायला हवेत, ओल काही रविवारची वाट बघत नाही. चार महिन्यांच्या पावसाने धुपलेलं खळं नव्याने करायचं असतं. माती आणा, पाणी मारा, चोपा, सारवा. तुम्ही खुर्ची टाकता ते खळंही कोणीतरी वाकून चोपलेलं आहे. (तुम्ही त्यावर लाद्या घातल्या असतील तर मी काही बोलत नाही.) हापूसची कलमं असली तर थंडी धरली की मोहोराची वाट बघायची, मोहोर आला की तुडतुड्यांची धास्ती. फवारणीचा पंप भल्या सकाळी, वारा उठायच्या आत सुरू होतो. पुढच्या तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या वाफ्याच्या) भाजावळीसाठी कवळ, म्हणजे डहाळ्या-पाला, तोडायची तीही याच दिवसांत.

आणि मच्छीमार? त्यांच्या यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै बंदी. त्यानंतरही दर्या निवळेपर्यंत धाकधूक असते. म्हणजे शांत समुद्राचे हे हिवाळ्याचे महिने त्यांच्या कमाईचे. सकाळी सातला किनाऱ्यावर असलेला माणूस तिथे मोकळा म्हणून नसतो. तुम्ही हातमोजे घालून बाटल्या वेचत होतात तेव्हा तुमच्या बाजूने पाट्या घेऊन बाया बाजाराकडे निघाल्या असतील. त्यांच्या मनात काय आलं असेल ते मी इथे छापत नाही.

दुपारी पत्ते खेळणारा माणूस तुम्हाला दिसला, कारण तुम्ही दुपारी पारावर गेलात. पहाटे चारला तो कुठे होता हे बघायला तुम्ही उठलेले नव्हता. 'कोकणी माणूस आळशी' हे वाक्य गावात कमी आणि मुंबईच्या खोल्यांमध्ये जास्त बोललं गेलंय. बोलणारे सगळे कोकणीच होते. तुमच्या पेटीतून ते वाक्यही गावी आलेलं दिसतं. गावात आळशी माणसं नाहीत असं मी मुळीच म्हणणार नाही. आमच्या आळीतच दोन अस्सल नमुने आहेत. पण तीस-चाळीस घरांचं गाव एकजात सुस्त असतं तर आतापर्यंत रिकामं झालं असतं.

क्रिकेटचा राग तर मला सगळ्यात कमी पटला. कापलेल्या मळ्याची स्पर्धेसाठी खेळपट्टी होते तेव्हा बांध कोण फोडतं आणि पुन्हा कोण बांधतं? रोलर कोण ओढतं? वर्गणी, दिवे, लाऊडस्पीकर, पंच, पाहुण्या संघांची जेवणं, ट्रॉफ्या, मुंबईहून येणाऱ्या संघाची झोपायची सोय, रात्री दोनला वीज गेली तर जनरेटर. ज्या पोरांना तुम्ही बंधाऱ्यावर हाका मारत होतात, तीच पोरं हे सगळं बिनपैशात करतात आणि त्यासाठी त्यांना कोणी 'जागं' करावं लागत नाही. जत्रेचा मांडव, देवळाची रंगरंगोटी, शिमग्याच्या पालखीची तयारी, नमनाची तालीम यांचंही तेच. गावात लोक एकमेकांसाठी फुकट राबतात. फक्त त्या राबण्यात गंमतही असते, म्हणून तुम्ही ते मोजत नाही. काम आणि करमणूक यांची दोन वेगळी खाती ठेवायची सवय तुम्हाला नोकरीने लावली. गावात ही खाती बरीचशी एकत्र असतात. उत्तर कोकणात वालाच्या शेंगा आल्या की पोपटी लावतात, म्हणजे मडक्यात शेंगा भरून ते शेतातच भाजतात. भांबुर्डीचा पाला कोणी आणायचा, मडकं कोणाचं, लाकडं कुठली, शेंगा कोणाच्या शेतातल्या, यासाठी दहा जणांची धावपळ होते आणि कोणी तिला श्रमदान म्हणत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की यंदाच्या एका तरी स्पर्धेला जा आणि शेवटचा सामना संपेपर्यंत बसा. सूचना करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर जा, पोरं दिवे उतरवत असतील, त्यांना हात लावा. तिथे प्लास्टिकचे ग्लास आणि वेफर्सची पाकिटं पडलेली दिसतील. पुढच्या स्पर्धेला मैदानाच्या चार कोपऱ्यांत पिंपं ठेवायची आणि लाऊडस्पीकरवरून दर डावानंतर आठवण करायची, हे त्यांना तेव्हा सुचवा. ठेवतील. 'आपल्या' मैदानाची गोष्ट असेल तर पोरं ऐकतात. किनारा त्यांच्या लेखी अजून 'तुमचा उपक्रम' आहे.

निरोप कसा दिलात हेही बघा. तुम्ही लिहिता, "ग्रुपवर दर शनिवारी संदेश टाकतो." तुमच्या गावाच्या ग्रुपवर गावात राहणारे किती आणि विरार-डोंबिवलीत राहणारे किती, ते एकदा मोजा. अंगठे वर करणारे बहुतेक सगळे तिकडचे निघतील. गावात निरोप वाडीवाडीतून जातो, आणि प्रत्येक वाडीत तो कोणाच्या तोंडून गेला यावर बरंच अवलंबून असतं. तुम्ही तुमच्या वाडीतल्या दोघांना धरून घोषणा केलीत, मग उरलेल्या वाड्यांनी मान डोलावली आणि घरी बसल्या. यात कोणी कोणाचा अपमान केला असं समजू नका. बोलावणंच पोचलेलं नव्हतं.

किनाऱ्याबद्दल एक प्रश्न मला पत्र वाचताना छळत होता. गोळा केलेला कचरा पुढे कुठे गेला? त्यावर तुम्ही एक शब्द लिहिलेला नाही. बहुतेक किनाऱ्यांवर तो सुरूच्या बनामागे ढिगाने पडतो, मग कोणीतरी काडी लावतं, नाहीतर पुढच्या उधाणात तोच परत वाळूवर येतो. लोक हे बघतात. सातच्या थंडीत उठून एका जागचा कचरा दुसऱ्या जागी नेण्यात त्यांना राम वाटला नसेल तर मी त्यांच्या बाजूची आहे. आधी शेवट ठरवा, मग सुरुवात करा. बाटल्या आणि जाड प्लास्टिक भंगारवाला घेतो का, किती साठल्यावर येतो हे विचारा. फाटक्या जाळ्यांचं काय करायचं ते मच्छीमारांकडूनच ठरवून घ्या. वाळूत पुरू तर अजिबात नका. उरलेल्या चिंध्या आणि थर्माकोलसाठी ग्रामपंचायतीची गाडी किंवा जागा हवी. ती नसेल तर सफाईच्या आधीची पायरी तीच.

वारही बदला. किनाऱ्याला रविवार कळत नाही, तिथी कळते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठी भरती येते आणि कचऱ्याची रेघ वर आणून टाकते. त्याच दिवसांत आपल्याकडे संध्याकाळी ओहोटी लागलेली असते. म्हणजे पंधरवड्यातून एकदा, साडेचारच्या पुढे तासभर. तेव्हा मासळी विकून बायका घरी आलेल्या असतात, शाळा सुटलेली असते. तरी एकदा मच्छीमारांना विचारून घ्या, त्यांची जाळी कधी पडतात त्यावर ठरेल. दर रविवार सोडून पंधरवड्यावर आलात म्हणून तुमचं काम निम्मं झालं असं समजू नका. चार जणांनी चार वेळा जाण्यापेक्षा वीस जणांनी दोनदा गेलेलं मला चालेल.

अंधार पडायच्या आत मात्र आवरा, कारण हिवाळा हा तुमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांचा मोसम. साधारण नोव्हेंबर ते मार्च माद्या रात्री वाळूत येऊन अंडी घालतात. एका घरट्यात बहुधा 100 ते 150 अंडी, आणि पिल्लं बाहेर यायला 45 ते 60 दिवस. विजेऱ्या, मोठे आवाज, शेकोट्या हे सगळं त्यांना मारक. भरतीरेषेच्या वरची वेल उपटून किनारा 'स्वच्छ' करणारे उत्साही लोक मी पाहिलेत, तुम्ही त्यातले होऊ नका.

तुमच्या किनाऱ्यावर कासवमित्र असेल तर त्याच्याशी ओळख करून घ्या. तो अंधारात आणि पहाटे मैलभर वाळू तुडवून मादीच्या पावलांच्या खुणा शोधतो आणि अंडी कुंपणातल्या हॅचरीत, म्हणजे ती सुरक्षित उबण्याच्या जागेत, हलवतो. विचारून, त्याच्या मागे दोन पावलं ठेवून, एक फेरी मारा. हे श्रमदान की सहल, असा प्रश्न तुम्हाला तिथे पडणार नाही. शेजारच्या मंडणगड तालुक्यात वेळासला 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने हे काम सुरू केलं. त्याआधी अंडी सर्रास उकरून नेली जायची. आज तिथे पिल्लं समुद्रात जाताना बघायला लांबून माणसं येतात, गावातल्या घरांतच उतरतात, घरच्या बाईच्या हातचं जेवतात. तिथे गाव कामाला लागलं ते गावातल्याच पोरांच्या हाती काम दिलं म्हणून, आणि त्यातून चार पैसे व चार पाहुणे घरी येऊ लागले म्हणून. 'जागृती' वगैरे झाली असेल, पण ती नंतरची.

आता बंधारा. ही कल्पना मात्र फार चांगली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. आपल्या किनारपट्टीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि मार्च-एप्रिलात कित्येक वाड्यांवर टँकर फिरतो. जांभा खडक पाणी धरून ठेवत नाही, उतार समुद्राकडे, चिंचोळ्या खोऱ्यातून सगळं वाहून जातं. मोहन धारियांच्या वनराई संस्थेमुळे ज्यांना हे नाव पडलं ते गोण्यांचे बंधारे यावर स्वस्तातला उपाय आहेत. पण दोन गोष्टी आधी बघाव्या लागतात. पहिली, वेळ. पऱ्याचा जोर ओसरला पण धार चालू आहे, अशा दिवसांत म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास तो बांधायचा. फार आधी बांधला तर वाहून जातो, फार उशिरा बांधला तर अडवायला काही उरत नाही. तुमचा 'ठरलेला दिवस' झोडणीच्या ऐन धांदलीत होता, तारीख बघूनच मला हसू आलं.

दुसरी गोष्ट, जागा कोणाची? काठ उंच आणि घट्ट आहेत, पात्र अरुंद आहे, एवढं बघून भागत नाही. पाणी तुंबलं की मागे पसरतं. मागच्या दळ्यात, म्हणजे शेताच्या तुकड्यात, कोणी वाल पेरलाय का? दोन्ही काठांच्या सातबाऱ्यावर किती नावं आहेत आणि त्यातली किती मुंबईत आहेत? माझ्या अनुभवात असे बंधारे गोण्या कमी पडल्या म्हणून अडत नाहीत, 'आमच्या हिश्श्याला हात लावायचा नाही' या एका वाक्यावर अडतात. मान डोलावणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी पोटात हे वाक्य होतं, आणि भर सभेत तुमच्या तोंडावर ते बोलायला त्याला संकोच वाटला. अशा गोष्टी सभेत निघत नाहीत. संध्याकाळी ओटीवर, दुसऱ्याच विषयावर बोलता बोलता निघतात.

पऱ्याला अजून धार असेल आणि काठाची माणसं राजी असतील तर या महिन्यातही बांधता येईल. नाहीतर या वर्षी सोडून द्या, खुशाल. जागा हेरून ठेवा, सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) दाखवा, एखाद्या बांधकामवाल्याकडे गोण्या सांगून ठेवा. बांधाल तेव्हा गोण्या ठासून न भरता पाऊण भरा म्हणजे एकमेकींवर नीट बसतात. विटांसारखे सांधे चुकवून रचा आणि फटींत चिकणमाती लिंपा. साठ ओलांडलेल्यांनी गोण्या भरायच्या, उचलायच्या नाहीत. कमरेचं दुखणं घेऊन बसलात तर वहिनींच्या सुपारीवर गदा येईल. आणि पावसाच्या आधी त्या गोण्या काढून घ्यायची जबाबदारी कोणाची, हे बांधायच्या दिवशीच ठरवा. उन्हाने विरलेली गोणी पहिल्या पुरात सुटते, तिचे धागे थेट समुद्रात जातात आणि तुम्हीच ते किनाऱ्यावर वेचत बसता.

एवढं सगळं सांगितलं तरी मला वाटतं तुमचं खरं भांडवल तुम्हाला अजून दिसलेलं नाही. तुम्ही आयुष्यभर कागदांत वावरलात. गावात आज झाडू मारणाऱ्यापेक्षा अर्ज नीट भरणाऱ्याची जास्त गरज आहे. निवृत्तिवेतनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, बोटांचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्यांचे मशीनसमोर हाल होतात. आंबा-काजूच्या फळपीक विम्याची मुदत साधारण त्याच सुमारास. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची सरकारी नोंद, मोबाईलवर करायची, ती आजोबांनी कशी करायची? वारस नोंदी तर विचारूच नका. आठवड्यातून दोन संध्याकाळी तुमच्या ओटीवर दिवा लावून बसा. फलक लावू नका, उद्घाटन करू नका. एका म्हातारीचं काम झालं की बाकीच्यांना आपसूक कळेल. दोन पथ्यं पाळा. कोणाच्या घरातल्या कागदात काय वाचलं ते ओटीच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही, आणि भावाभावांच्या वाटणीत मत द्यायचं नाही. ही दोन पाळलीत तर पुढच्या वर्षी पऱ्याच्या काठाची संमती मागायला तुम्ही अनोळखी राहणार नाही.

गावात वाचनालय असेल तर तिथेही तुमच्यासारखा माणूस लागतो. रत्नागिरीत 1828 पासून नगर वाचनालय आहे, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर 1864 सालचं, म्हणजे वाचनाची हौस आपल्याकडे जुनी. छोट्या गावांत मात्र कपाटाची किल्ली कोणाकडे आहे इथपासून शोध असतो.

राहता राहिला तुमचा अपराधीपणा. त्याची मला जास्त काळजी वाटते, कारण पत्रात इतर सगळ्यांवर उपाय विचारलाय, याच्यावर नाही. दापोलीकडे थंडीत पारा कधीमधी 10 अंशांच्याही खाली जातो. अशा सकाळी उन्हात पाठ शेकत बसणं, चहा थंड होईपर्यंत नुसतं पोफळींकडे बघणं, यात गुन्हा कोणता? तुम्ही पस्तीस वर्षं गाडी पकडलीत. आता रोज सकाळी 'आज काय केलं' याचा जबाब तुमच्याकडे कोण मागतंय? मुलं मागत नाहीत, वहिनी तर उलटच सांगताहेत. मला शंका येते की गावासाठी काही करायची घाई थोडी या रिकाम्या खुर्चीच्या भीतीतून आली. तसं असलं तरी वाईट काही नाही, पण मग गाव आलं नाही की राग येतो, कारण गावाने येऊन तुमचा वेळ भरून काढावा अशी आपली छुपी अपेक्षा असते. चार वाजता खळ्यात बसा. रस्त्यावरून जाणारा माणूस बसलेल्या माणसाशी बोलायला थांबतो, हातमोजे घालून लगबगीने निघालेल्याशी नाही. जत्रेला वहिनींबरोबर जा, खाजं घ्या, नाटक अर्ध्यात सोडून झोपायला येऊ नका.

ही पत्रं मला एकट्या तुमच्याकडून येत नाहीत. नुकतेच गावी परतलेले बरेच जण असंच लिहितात, आणि उलट बाजूनेही पत्रं येतात. एका ताईंनी लिहिलं होतं, "मुंबईहून आलेले नवनवे उपक्रम काढतात आणि चहा आम्हीच करतो." तेव्हा कोणत्याही श्रमदानाआधी चहा-नाश्ता कोण करणार आणि भांडी कोण घासणार हे ठरवा, आणि ते काम पुरुषांकडेही येऊ द्या. गावातच राहणाऱ्या, प्रत्येक कामात ओढल्या जाणाऱ्या माणसांनाही सांगते. यंदा एखादं काम सोडलंत तर ते दुसरा कोणी उचलेल, किंवा नाही उचलणार. दोन्ही चालतं. आणि नाताळच्या सुट्टीत चार दिवस येऊन 'गावासाठी काहीतरी' करू पाहणाऱ्यांनी नवीन काही काढू नये. जे चालू आहे त्याची वर्गणी द्यावी आणि आपला कचरा आपल्या गाडीतून परत न्यावा.

तुमच्यासाठी या मोसमात इतकंच पुरे. पंधरवड्याची एक संध्याकाळ किनाऱ्यावर, आठवड्याच्या दोन ओटीवर, बाकी दिवस तुमचे. निवृत्त गुरुजींना आणि त्या दोन मुलांना मात्र सोडू नका. थंडीत सातला तीन जण येतात ही लहान गोष्ट नव्हे, तुम्ही न आलेल्यांकडे बघत राहिलात म्हणून त्यांचं कौतुक राहून गेलं. त्यांना एकदा घरी जेवायला बोलवा.

26 जानेवारीला ग्रामसभा असेल. तिथे बंधारा, कासव, वाचनालय सगळं एकदम काढू नका. कचरा उचलायच्या गाडीचा एकच विषय येऊ दे, आणि तोही तुम्ही मांडू नका. त्याआधी महिलांची सभा होते, वहिनींना सांगा, त्या सुपारीवाल्या चौघींना घेऊन जातील आणि तिथून तो पुढे येईल. सध्या गावात त्यांचं ऐकणारी माणसं तुमच्यापेक्षा जास्त आहेत.